पोटातली पेरणी

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात शेळी घेणारा माणूस आधी दात बघतो, मग कास. कमरेच्या मणक्यावर अंगठा दाबून मांस किती भरलंय ते चाचपतो. बोकड असला तर चक्क उचलून वजनाचा ठोकताळा बांधतो. केसांकडे लक्ष गेलंच तर एवढ्यापुरतं, की अंग तुकतुकीत आहे की केस राठ होऊन उभे राहिलेत. राठ केस म्हणजे पोटात जंत, नाहीतर दावणीला उपासमार. त्यापलीकडे बीड जिल्ह्यात शेळीच्या केसाला काडीचा भाव नाही.

भाव असायचं कारणही नाही. इथली शेळी उस्मानाबादी. धाराशिव, बीड, लातूर, परभणी, सोलापूर, अहिल्यानगर हा तिचा मुलूख. बहुतेक जनावरं काळीभोर, काही पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची. लोंबते कान, आखूड केस, आणि एका वेतात दोन करडं देणारी म्हणून नाव कमावलेली. अंबाजोगाईला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. तिथेही या जातीचा विचार होतो तो वजन, जुळी आणि काटकपणा यांच्या अंगाने. उन्हाळ्यात बालाघाटाच्या माळावर बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन तग धरणाऱ्या जनावराच्या अंगावर लांबसडक लोकर असती, तर ती उन्हाने तरी गेली असती, नाहीतर कुसळं आणि गोखरूंनी तरी.

जगात मात्र काही शेळ्या निव्वळ केसांसाठी पाळल्या जातात. तुर्कस्तानातल्या अंकाराच्या परिसरातली अंगोरा शेळी मोहेर देते. लडाखच्या चांगथांग पठारावरची चांगथांगी शेळी पश्म देते, ज्याचा पश्मिना विणतात. या दोघींची करडं आणि बीडचं करडू यांची कातडी शेजारी शेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर मांडणी एकच दिसते. फरक असतो तो मोजदादीत. आणि ही मोजदाद बरीचशी करडू आईच्या पोटात असतानाच झालेली असते.

ही मांडणी पाहायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. हलगीला शेळीचं चामडं चढवतात. केस काढून ताणलेलं ते पान उजेडाकडे धरून नीट निरखलं, भिंग असेल तर उत्तमच, तर बारीक छिद्रांच्या ओळी दिसतात. छिद्रं सारखी नसतात. काही ठसठशीत, साधारण तीन-तीनच्या गटात शेजारी बसलेली, आणि त्यांच्या आसपास कितीतरी बारकी. चामड्याचा धंदा करणारे बकऱ्याचं चामडं ओळखतात ते याच नक्षीवरून. छिद्र म्हणजे जिथून केस उगवतो त्या कूपाचं तोंड. मोठी छिद्रं प्राथमिक रोमकूपांची, बारकी दुय्यम रोमकूपांची.

दोघांचं काम वेगळं. प्राथमिक रोमकूप आधी तयार होतो, खोल जातो. त्याला तेलाची ग्रंथी असते, घामाची ग्रंथी असते आणि थंडीत केस उभा करणारा इवलासा स्नायूही असतो. त्यातून येतो तो जाड, वरचा, पाऊस-ऊन झेलणारा केस. दुय्यम रोमकूपाला घामाची ग्रंथीही नसते आणि स्नायूही नसतो. त्यातून येते मऊ लव. चांगथांगी शेळीच्या बाबतीत हीच लव म्हणजे पश्म. तिची जाडी 12 ते 14 मायक्रॉन असते आणि माणसाचा केस तिच्या कितीतरी पट जाड भरतो. एका प्राथमिक रोमकूपामागे दुय्यम किती, हा आकडा लोकर धंद्यातला कळीचा. मेरिनो मेंढीत तो 20 च्या आसपास जातो, अंगोरा शेळीत साधारण 7 ते 10 भरतो. मांसासाठी पाळलेल्या, आखूड केसांच्या जातींत त्याहून कमी.

हा आकडा काढायची पद्धत साधी आहे. जनावराच्या कुशीवर, बरगड्यांच्या मधोमध, केस भादरून जागा बधिर करतात आणि जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाची कातडीची चकती गोल पात्याने काढतात. तिचे आडवे, अतिशय पातळ काप करून रंगवतात आणि मग मान मोडेस्तोवर सूक्ष्मदर्शकात डोकावून मोठी वर्तुळं किती, लहान किती ते मोजत बसतात.

शेळी गाभण राहते ती सुमारे 150 दिवस. त्यातले पहिले दीड-दोन महिने गर्भाची कातडी अगदी साधी, गुळगुळीत असते. साधारण 55 ते 65 दिवसांच्या सुमारास तिच्यावर जागोजागी पेशी दाटीवाटीने गोळा होऊ लागतात आणि बारीक उंचवटे तयार होतात. प्रत्येक उंचवट्याच्या खाली आतल्या थरातल्या पेशींची एक गुठळी जमते. वरचा थर आणि खालची गुठळी एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. मग वरचा थर खुंटीसारखा खाली घुसत जातो, गुठळीला टोपीसारखा कवेत घेतो, आणि त्या जागी पुढे केस धरतो. सुरुवात डोकं आणि पाठीकडून होते, पोट आणि पाय मागून येतात. ही झाली पहिली पेरणी, प्राथमिक रोमकूपांची. दुसरी पेरणी साधारण 75 ते 90 दिवसांच्या सुमारास सुरू होते, ती दुय्यम रोमकूपांची. दुय्यम रोमकूप प्राथमिकांच्या आसपास धरतात आणि त्यांतले काही पुढे फांद्या फुटाव्यात तसे आणखी फुटतात. जातिवंत लोकरी जनावरात दाटी वाढते ती बरीचशी या फुटव्यांमुळे.

या पेरणीला तिफण कोण धरतं? दोन रोमकूपांमधलं अंतर इतकं नेमकं कसं राहतं? याचं उत्तर पहिल्यांदा एका गणितज्ञाने सुचवलं. ॲलन ट्युरिंगने 1952 साली मांडलं, की एक पदार्थ घडणीला चेतवणारा आणि दुसरा ती रोखणारा असेल, आणि रोखणारा जर चेतवणाऱ्यापेक्षा दूरवर पसरत असेल, तर कोऱ्या पृष्ठभागावर आपोआप ठिपके उमटतात. सोळा वर्षं आधी संगणकाच्या कल्पनेला आकार देणारा हा माणूस शेवटच्या वर्षांत बिबट्याच्या ठिपक्यांत रमला होता, हे थोडं गमतीचंच. 2006 साली उंदरांच्या कातडीवर झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिलं, की रोमकूपांच्या बाबतीत हे गणित लागू पडतं. चेतवणारी आणि रोखणारी प्रथिनंही ओळखता आली. जिथे एक रोमकूप धरतो तिथून रोखणारं प्रथिन चौफेर पसरतं आणि लगतच्या जागेत दुसरा धरू देत नाही.

या निरोपांपैकी एक जरी चुकला तर काय होतं, याचं उदाहरण शेळीतलं नसून माणसांतलं आहे आणि आपल्या शेजारचं आहे. चार्ल्स डार्विनने 1875 च्या आपल्या ग्रंथात सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस विरळ होते, आणि उन्हाळ्यात घाम येत नसल्याने त्यांचे हाल होत. घरातल्या मुली मात्र सुटलेल्या. दोष त्यांच्या मुलांत उतरे. आज कळतं, की तो ईडीए नावाच्या जनुकातला बिघाड होता. हेच जनुक गर्भाच्या कातडीवर केसांच्या जागा नेमून द्यायला लागतं. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी यांची सुरुवात एकाच तऱ्हेच्या उंचवट्यापासून होते, म्हणून तिन्ही एकदम गेले.

करडू जन्मतं तेव्हा त्याचे प्राथमिक रोमकूप तयार असतात आणि त्यांतून केस बाहेर आलेले असतात. दुय्यमांचं तसं नसतं. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, पण बऱ्याच अजून कच्च्या असतात. जन्मानंतरच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत त्या पिकतात. त्यानंतर नवीन रोमकूप जवळजवळ धरत नाही. जनावर वाढतं, कातडी ताणली जाते, आणि तेच रोमकूप मोठ्या क्षेत्रावर विखुरतात. म्हणजे वयाबरोबर दाटी घटते, संख्या तीच राहते.

इथे करडाची आई येते. ऑस्ट्रेलियात शिंकेल आणि शॉर्ट या दोघांनी मेरिनो मेंढ्यांवर केलेला प्रयोग 1961 साली प्रसिद्ध झाला. गाभण मेंढ्यांना चारा तोडला, तर होणाऱ्या कोकरांत दुय्यम रोमकूप कमी राहिले आणि मोठेपणी भरपूर खायला घालूनही ती तूट भरून निघाली नाही. जुळ्यांत एकट्या कोकरापेक्षा हे जास्त जाणवतं, कारण एकाच आईच्या रक्तातून दोघांना वाटा मिळतो. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ केरॅटिन, आणि केरॅटिनला गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात. सिस्टीन आणि मेथिओनीन ही त्यातली मुख्य. ती आईच्या रक्तातून, नंतर तिच्या दुधातून येतात. आईच उपाशी असेल तर पोटातल्या जिवाचं शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं; कातडीची पाळी शेवटी.

महाराष्ट्रात लोकरी शेळीचा प्रयोग झालाच नाही असं मात्र नाही. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी सुरू झाली; आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे अंगोरा बोकड आणि संगमनेरी शेळ्या यांचा संकर करून मोहेर देणारी शेळी इकडच्या हवेत उभी करण्याचं काम झालं. संगमनेरी ही अहिल्यानगर, नाशिक, पुणे भागातली शेळी. रंग बहुतेक पांढरा, केस आखूड आणि राठ. पांढऱ्या केसाला हवा तो रंग चढवता येतो, म्हणून काळ्या उस्मानाबादीपेक्षा ती या कामाला सोयीची.

असा संकर कुठेही करा, अडचण एकच येते. पहिल्या पिढीत निम्मं रक्त अंगोराचं. करडाच्या अंगावर लांब केस येतात, बघणारा खूश होतो, पण हाताला लोकर टोचते. कारण प्राथमिक रोमकूप अजून देशी शेळीचेच गुण दाखवतात. त्यांतून जाड, ठिसूळ, आतून पोकळ केस येतात. ते रंग धरत नाहीत आणि कापडात उठून दिसतात. पुन्हा अंगोरा बोकड दाखवला की 75 टक्के, त्यानंतर 87.5 टक्के. दर पिढीला हे जाड केस घटतात आणि दुय्यमांची संख्या वाढते. पण शेळीची एक पिढी म्हणजे दीड वर्षाच्या आसपास. तीन पिढ्या व्हायच्या तर पाच वर्षं हातची जातात, आणि तोवर जनावर इथलं राहत नाही. नुकती लोकर कातरलेली अंगोरा थंड पावसात सापडली तर मरते, हा दक्षिण आफ्रिकेतल्या पाळणाऱ्यांचा कायमचा घोर आहे. अवकाळीच्या रात्री आष्टी-पाटोद्याच्या उघड्या वाड्यात तिचं काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आफ्रिकेचं नाव निघालंच आहे तर तिथे ही शेळी पोहोचली कशी तेही सांगण्यासारखं आहे. 1838 साली हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेतला कर्नल हेंडरसन तुर्कस्तानी अंगोरा घेऊन दक्षिण आफ्रिकेला गेला. बारा बोकड आणि एक शेळी. तुर्कांनी आपला वाण बाहेर जाऊ नये म्हणून बोकड आधीच निकामी केले होते, असं सांगतात. शेळी मात्र गाभण होती आणि प्रवासात ती व्याली, तो नर निघाला. आज जगातलं निम्म्याच्या आसपास मोहेर एकटी दक्षिण आफ्रिका पिकवते.

मोहेरच्या धंद्यात सगळ्यात चढा भाव असतो तो करडाच्या पहिल्या कातरणीला. तो केस 24-25 मायक्रॉनचा, रेशमासारखा झळकणारा. त्याच शेळीचा केस म्हातारपणी 35 ते 40 मायक्रॉनवर जातो. रोमकूप तोच, पण वयाबरोबर तळाची गुठळी मोठी होते आणि तिच्यातून जाड धागा निघतो. केस महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो, म्हणून वर्षातून दोनदा कातरतात.

हा हिशेब बीडच्या धनगरांना नवा नाही, फक्त तो त्यांच्याकडे मेंढीच्या बाबतीत आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ, बहुतेक काळी. घोंगडी आणि जेन यांच्याच कामाची. पण कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती वेगळी काढून ठेवली जाते. जावळाची घोंगडी अंगाला कमी टोचते, वजनाला हलकी असते आणि तिला पैसे जास्त पडतात. एका घोंगडीपुरतं जावळ जमवायला बरीच कोकरं लागतात. घेणारा घोंगडी गालाला लावून बघतो आणि लगेच सांगतो, जावळ निखळ आहे की मोठ्या मेंढीची लोकर मिसळली आहे.

पश्मची गोष्ट आणखी निराळी. मोहेर बारमाही वाढतं, पश्म मोसमी असतो. दिवस लहान होऊ लागले की दुय्यम रोमकूप जोमात येतात, हिवाळ्याच्या तोंडाशी थांबतात आणि वसंतात ती लव आपोआप सुटते. मग चांगथांगवरचे चांगपा लोक ती फणीने विंचरून काढतात. एका शेळीकडून वर्षाला काहीशे ग्रॅम. हे घड्याळ थंडीवर कमी आणि दिवसाच्या लांबीवर जास्त चालतं; मेलाटोनिन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं त्याचे काटे हलवतात. लेहमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत साडेचार तासांचा फरक पडतो. बीडला तोच फरक सव्वादोन तासांचा. चांगथांगी करडू इथे आणून वातानुकूलित गोठ्यात ठेवलं, तरी त्याच्या कातडीला लडाखचा हिवाळा कळणार नाही.

अलीकडे जनुकांत हात घालूनही प्रयत्न झाले. एफजीएफ-5 नावाचं जनुक केसाला वाढ थांबवायचा हुकूम देतं. ते बिघडलेल्या मांजरी आणि कुत्री लांब केसांची निपजतात. चीनच्या शान्शी प्रांतातल्या संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने शानबेई जातीच्या काश्मिरी लोकरीच्या शेळ्यांत हे जनुक बंद पाडलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या करडांत दुय्यम रोमकूप जास्त मिळाले आणि धागाही लांब आला. प्रयोग म्हणून थक्क करणारा आहे, पण मराठवाड्याच्या दावणीशी त्याचा संबंध लावणं ओढूनताणून होईल.

दावणीशी संबंध आहे तो वेगळ्याच ठिकाणी. गर्भात जशी रोमकूपांची संख्या ठरते, तशीच स्नायूंतल्या तंतूंची संख्याही बहुतेक जन्माआधीच ठरते. जन्मानंतर तंतू जाड होतात, लांब होतात, नव्याने फारसे येत नाहीत. म्हणजे लोकरीच्या शेळीसाठी शोधलेली गोष्ट मांसाच्या शेळीलाही लागू पडते. नेकनूरला कमरेवर अंगठा दाबणारा माणूस ज्या मांसाचा अंदाज घेतो, त्यातला एक हिस्सा त्या बोकडाच्या आईने गाभणपणी काय खाल्लं यावर ठरलेला असतो.

आणि बीडमध्ये गाभण शेळी काय खाते, हे साखर कारखान्याच्या पट्ट्यावर, म्हणजे हंगामावर अवलंबून असतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. कितीतरी कुटुंबं दोन-चार शेळ्या बैलगाडीला किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधून बरोबर नेतात. आषाढाच्या पावसात फळलेली शेळी मार्गशीर्षात, म्हणजे तोडीवरच्या कोपीवर व्यायची. आश्विनात फळलेली फाल्गुनात. दोन्ही वेळा शेवटच्या महिन्यांत तिच्या पुढ्यात फुकटचं, हिरवंगार वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, असतं. पोट भरतं, पण उसाच्या वाढ्यात प्रथिनं अगदी कमी. घरी म्हाताऱ्यांच्या भरवशावर ठेवलेल्या शेळीला कडबा आणि तुरीचं भुसकट मिळतं; त्यात तुरीचं भुसकट बरंच बरं.

पशुवैद्यक सांगतात तो उपाय खर्चिक नाही. व्यायच्या आधीचे शेवटचे दीड-दोन महिने रोज 250 ते 300 ग्रॅम खुराक : भरडलेला मका किंवा ज्वारी, सरकी अथवा शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर मीठ आणि क्षारमिश्रण. बांधावर शेवरी किंवा सुबाभूळ असेल तर त्याचा पाला म्हणजे आयती प्रथिनं. व्याल्यावर पहिल्या तासाच्या आत करडाच्या तोंडात चीक, दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. आणि दुधाचा मोह आवरून पहिले तीन महिने करडाला आईपाशी पिऊ द्यायचं. जुळी असतील तर दोघांपैकी दुबळं कोणतं ते पाहून आधी त्याला लावायचं, कारण दांडगं आपलं आपण पिऊन घेतंच.